प्रश्न चौथा, गुण पाच

मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर, जिथे मोर्चा अडवतात,
तिथल्या सतरंजीवर बसून मी घटक चाचणीचे पेपर तपासते आहे.
बावीस वर्षं विनाअनुदानित. मंडपातलं हे नववं हिवाळी अधिवेशन.
डावीकडे बॅरिकेड. उजवीकडे
काचोरे बाई डब्यातून मुगवडे वाटताहेत,
आणि मांडीवर नववी ब:
'जगातील राज्यव्यवस्थांचे प्रकार उदाहरणांसह लिहा.'

बहुतेकांनी गाईड उतरवलंय.
ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंड, कुठे कुठे भूतान,
आणि 'अध्यक्षीय'मधला ध्य
चौदा पेपरांवर एकाच जागी मोडलेला.
म्हणजे पहिल्या बाकावर कुणी एकानं लिहिलं
आणि ते शेवटपर्यंत एकमतानं मंजूर झालं.

तक्षशिला गजघाटेनं 'आम्ही' हा शब्द
इतका गिरवलाय
की मागच्या पानावर तो उलटा वाचता येतो.

फरदीन लिहितो,
'राजेशाहीत राजाचा मुलगा राजा होतो.
लोकशाहीत पण होतो, पण आधी बॅनर लागते.'
त्याला मी एक गुण दिला, खोडला, परत दिला.

आणि कुणीतरी, नाव न टाकता, पुरवणीवर:
'आमच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक झाली.
मतं मोजली. मग मॅडमनी नाव सांगितलं.'
झाली होती.
मीच सांगितलं होतं.
चहा आला, तो मी लगेच घेतला.

रोल नंबर एकतीस. दुर्वेश मडावी.
'उदाहरणासाठी दूर जायचं काम नाही मॅडम.
आमचं घर शुक्रवारी तलावाच्या मागं हाय.
पयले इथं आमचा राजा होता, गोंड राजा.
मंग भोसले आले.
मंग कंपनी म्हणे वारस नाही, आन राज्य खालसा.
मंग मध्य प्रांत, मंग मध्य प्रदेश,
मंग मुंबई राज्य, मंग महाराष्ट्र.
आमी कुठंच गेलो नाही.
राज्यंच येऊन जाऊन राहिले, पाव्हण्यावानी.
विहीर तीच हाय. पावतीवरचा शिक्का बदलते.
आता वर्षातून दोन हप्ते इथं राजधानी राह्यते.
तवा रस्ते बंद करतेत
आन आईला कामावरून याले रात्र होते.
या प्रकाराला काय म्हणतेत ते पुस्तकात भेटलं नाही.'

'पयले'वर लाल पेन टेकवला. 'पहिले' करायला.
टेकवलेलाच राहिला. तिथे आता एक ठिपका आहे.

आदर्श उत्तर माझ्याजवळ आहे, छापील:
संसदीय, अध्यक्षीय, संघराज्य, एकात्म, राजेशाही.
प्रत्येकी एक गुण.
यातला एकही शब्द मडावीनं लिहिलेला नाही.

पाच वाजता शिष्टमंडळ परत आलं.
मागण्यांबाबत सकारात्मक विचार सुरू आहे.
मागच्या वर्षी 'सहानुभूतीपूर्वक' होता,
त्याच्या आधी 'गांभीर्याने'.
कुणीतरी टाळी वाजवली, सवयीनं,
आणि आजूबाजूला पाहून हात मफलरमध्ये घातले.

थंडी उतरली. झाडांवर पोपटांचा कल्ला.
विधानभवनाकडून एक लाल दिवा निघाला
आणि अख्खा रस्ता बाजूला झाला.

बॅरिकेडपलीकडची शिपाई पोरगी,
वय चोवीस-पंचवीस, नावपट्टीवर 'स. बा. उरकुडे',
सकाळपासून उभी.
काय तपासता मॅडम?
नागरिकशास्त्र.
मले त्याच्यात पस्तीस होते, ती म्हणाली,
काठावर.

मग इकडेतिकडे बघून
तिनं ते लोखंड बुटानं रेटलं,
वीतभर,
माझे पाय लांब होतील एवढंच.